अवधानाचें ऋण

"लक्ष दे" हे दोन शब्द ज्या घरांत दिवसांतून दहा वेळां उच्चारले जात नाहींत, असें घर सांपडणें कठीण आहे. आई मुलाला ते ऐकविते, शिक्षक विद्यार्थ्याला ऐकवितो, वडीलधारी माणसें धाकट्यांस ऐकवितात. आणि सभेंतील वक्ता तीच गोष्ट जरा अधिक सभ्य शब्दांत श्रोत्यांस सांगतो. इतक्या सहजपणें तोंडांतून निघणाऱ्या या आज्ञेच्या मुळाशीं एक अवघड नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्याचें लक्ष मागण्याचा अधिकार मनुष्यास कोठून प्राप्त होतो? कोणापाशीं चार पैसे मागावयाचे झाले तर आपण आधीं संकोचतों, कारण सांगतों, परत कधीं करूं तेंहि सांगतों. लक्ष मात्र आपण हक्कानें मागतों, आणि तें मिळालें नाहीं म्हणजे रागावतों. हा हक्क कितपत खरा आहे, याचा विचार करण्यास परक्या भाषेची मदत फार होते. स्वभाषेंतील शब्द रोजच्या वापरानें जुन्या नाण्याप्रमाणें गुळगुळीत झालेले असतात. परक्या नाण्यावरील छाप चटकन् डोळ्यांत भरते. म्हणून या लेखांत आम्हीं स्पॅनिश भाषेचा आधार घेण्याचें योजिलें आहे.

स्पॅनिश भाषेंत कोणास लक्ष देण्यास सांगावयाचें झाल्यास "प्रेस्तार आतेन्सिओन" हा वाक्प्रचार योजितात. स्पेनच्या बहुतेक भागांत यांतील दुसऱ्या शब्दाचा उच्चार "आतेन्थिओन" असा होतो. अमेरिका खंडांतील स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत तो "आतेन्सिओन" असा करतात. "प्रेस्तार" या क्रियापदाचा रोजच्या व्यवहारांतील अर्थ उसनें देणें असा आहे. शेजाऱ्यास पुस्तक वाचावयास द्यावयाचें असो अथवा मित्रास अडीअडचणीस पैसे द्यावयाचे असोत, तेथें हेंच क्रियापद येतें. इंग्रज मनुष्य लक्षाचें मोल चुकतें करतो. आपण मराठी माणसें लक्ष देतों. स्पॅनिश मनुष्य तें उसनें देतो. चुकतें केलेलें मोल परत येत नाहीं, आणि एकदां दिलेली वस्तु परत मागूं नये असा आपला शिष्टाचार आहे. उसनी दिलेली वस्तु मात्र देणाराचीच राहते. घेणारा तिचा धनी होत नाहीं. तो ऋणको होतो.

येथें एखादा चिकित्सक वाचक आक्षेप घेईल कीं, हें सगळें शब्दांचे खेळ आहेत. "प्रेस्तार" हें क्रियापद ज्या लॅटिन धातूपासून आलें त्याचा एक अर्थ पुरविणें, सादर करणें असा होता. आणि त्याच अर्थानें स्पॅनिश लोक मदत, सेवा व शपथ यांच्याशींहि तें क्रियापद जोडतात. न्यायालयांत घेतलेली शपथ कोणी उसनी दिली असें समजत नाहीं. गोव्यांतील जुन्या पिढीला परिचित असलेल्या पोर्तुगीज भाषेंतहि लक्ष देण्यास "प्रेस्तार"च म्हणतात; परंतु उसनें देण्यास त्या भाषेंत "एंप्रेस्तार" हें निराळें क्रियापद आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. व्युत्पत्तीवरून नीतिशास्त्र सिद्ध होत नाहीं. परंतु आक्षेप मान्य केल्यानंतरहि एक गोष्ट शिल्लक राहते. मेक्सिको वगैरे देशांत "प्रेस्तार" ऐवजीं "पोनेर" म्हणजे ठेवणें हें क्रियापद पुष्कळदां योजितात. आणि आपला संस्कृत शब्द "अवधान" हाहि ठेवणें या अर्थाच्या "धा" धातूपासूनच सिद्ध झाला आहे. "आतेन्सिओन" या शब्दाच्या मुळाशीं धनुष्याच्या दोरीप्रमाणें ताणणें हा अर्थ असलेला लॅटिन धातु आहे. आपलें "लक्ष" तर वेध्यच. ताणणें, ठेवणें, देणें, उसनें देणें: या साऱ्या क्रियांचा कर्ता ऐकणारा आहे. बोलणाराला कर्तेपण कोणत्याच भाषेनें दिलेलें नाहीं. त्याला फार तर लक्ष वेधतां येतें, म्हणजे दारावर थाप मारतां येते. दार आंतल्या माणसानेंच उघडावयाचें असतें.

स्पॅनिश भाषेचें व्याकरण याच विचारास पुष्टि देतें. त्या भाषेंत घरच्या व जिव्हाळ्याच्या माणसास "तू" असें म्हणतात, आणि हा शब्द आपल्या "तूं"चा दूरचा नातलगच आहे. मान्य व्यक्तीस "उस्तेद" म्हणतात. हा शब्द "वुएस्त्रा मेर्सेद", म्हणजे "आपली कृपा", या जुन्या संबोधनाचा झिजून राहिलेला अवशेष होय. म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषाचें येतें. जिव्हाळ्याच्या माणसास "प्रेस्ता" अशी सरळ आज्ञा करतां येते, परंतु "उस्तेद"ला आज्ञा करण्याची सोयच व्याकरणानें ठेवलेली नाहीं. तेथें इच्छा दर्शविणारें "प्रेस्ते" हें रूप योजावें लागतें; त्याचा भाव "आपल्या कृपेनें लक्ष द्यावें" असा होतो. आपल्याकडेहि "ऐक" आणि "ऐकावें" यांमध्यें नेमकें हेंच अंतर आहे. दोन्ही भाषांनीं एकच सभ्यता शिकविली: ज्याचा मान राखावयाचा त्याच्यापुढें आज्ञा विरघळून तिची विनंति व्हावी. पण यांतून एक टोचणारा प्रश्न उभा राहतो. मान्यवरांचें लक्ष त्यांचें स्वतःचें म्हणून आपण तें विनंतीनें मागतों. मग मुलाचें, पत्नीचें, नोकराचें लक्ष काय आपल्या मालकीचें असतें, म्हणून तें आपण आज्ञेनें घेतों?

या प्रश्नाचा एक सुरस प्रसंग स्पेनच्याच सर्वांत प्रसिद्ध ग्रंथांत आला आहे. सेर्वान्तेस याच्या "डॉन किहोते" या कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या विसाव्या प्रकरणांत धनी आणि त्याचा सेवक सांचो पांसा हे एका काळोख्या रात्रीं रानांत अडकलेले आहेत. जवळपास कोठें तरी पाण्याचा व जड आघातांचा भयंकर आवाज होत आहे. धन्याला त्या आवाजाच्या रोखानें एकट्यानेंच जाऊन पराक्रम करावयाचा आहे, आणि सांचो भीतीनें गळाठला आहे. त्यानें धन्याच्या घोड्याचे पाय गुपचूप बांधून ठेवले आहेत, आणि रात्र सरावी म्हणून तो एक गोष्ट सांगूं लागतो. एक धनगर आपल्या तीनशें शेळ्या घेऊन ग्वादियाना नदीच्या कांठीं येतो. नदीस पूर आला आहे, आणि होडी इतकी लहान कीं, तिच्यांत एक मनुष्य व एक शेळी एवढेंच मावावें. सांचो धन्यास विनवितो कीं, पलीकडे गेलेल्या शेळ्यांची मोजणी आपण ठेवावी. एक जरी चुकली तरी गोष्ट संपली. मग एक शेळी जाते, दुसरी जाते, तिसरी जाते. धनी कंटाळून म्हणतो कीं, सगळ्या गेल्या असें धरून पुढें चल. सांचो विचारतो, आतांपर्यंत किती गेल्या? धन्यास तें ठाऊक नाहीं. तेव्हां सांचो सांगतो कीं, गोष्ट येथेंच संपली. आणि ती कांहीं केल्या पुढें जात नाहीं.

या प्रसंगास वाचक चारशें वर्षें हंसत आले आहेत, आणि तो हंसण्यासारखा आहेच. परंतु त्यांतील व्यवहार नीट पाहावा. सांचो सेवक आहे. "वुएस्त्रा मेर्सेद" असें म्हटल्यावांचून त्याला धन्याशीं बोलतां येत नाहीं. धन्यानें ऐकावें अशी सक्ति करण्याचें कोणतेंहि साधन त्याच्यापाशीं नाहीं. त्यानें आधींच अट सांगून थोडें अवधान उसनें मागितलें, आणि तें मिळालें नाहीं असें दिसतांच आपली गोष्ट परत घेतली. दुर्बळाच्या हातीं एवढाच एक उपाय असतो: न ऐकणारापुढें बोलणें थांबविणें. पुष्कळ घरांत म्हातारीं माणसें हळूहळू अबोल होतात, त्याचें कारण आपण वयावर ढकलतों. परंतु शेळ्या मोजणारें कोणी उरलें नाहीं म्हणून त्यांनीं गोष्ट थांबविली असावी, असा संशय आम्हांस येतो. आतां दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. तीनशें शेळ्या एकेक करून मोजावयास लावणारा कथेकरी श्रोत्यावर अन्यायच करतो. ज्यानें उसनें घेतलें त्यानें उधळपट्टी करूं नये हाहि सावकारीचा नियम आहे. म्हणून त्या रात्रीं देणारा कृपण ठरला आणि घेणारा उधळ्या ठरला, असा निवाडा आम्ही देऊं.

याहून अधिक विचार करावयास लावणारा दुसरा एक स्पॅनिश वाक्प्रचार आहे. आई मुलास "आस्मे कासो" असें म्हणते. शब्दशः तिचें म्हणणें एवढेंच कीं, माझ्या बोलण्याची दखल घे. परंतु व्यवहारांत त्याचा अर्थ मी सांगतें तसें कर, असा होतो. आज्ञा पाळणें या अर्थाचें "ओबेदेसेर" हें स्पॅनिश क्रियापदहि ज्या लॅटिन शब्दावरून आलें त्याच्या पोटांत ऐकणें हाच धातु आहे. आणि एखाद्याचें लक्ष "हांक मारून बोलाविणें" असा जो तेथील प्रयोग आहे, तो त्या माणसास कानपिचक्या देणें या अर्थानेंहि वापरतात. मराठी वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. "आमचा मुलगा ऐकत नाहीं" असें म्हणणारा बाप मुलाला वैद्याकडे नेत नाहीं. त्याची तक्रार कानांविषयीं नसते.

ऐकणें आणि आज्ञा पाळणें हीं दोन्ही एकाच शब्दांत कोंबल्यामुळें घराघरांत जो घोटाळा होतो, तो लहान नाहीं. मुलगा कोणता अभ्यासक्रम घेणार, मुलगी कोणाशीं विवाह करणार, असा प्रसंग आला म्हणजे बाप तासभर बोलतो. मुलगी मान खालीं घालून शब्दन् शब्द ऐकते, त्यावर रात्रभर विचार करते, आणि सकाळीं येऊन आपलें निराळें मत नम्रपणें सांगते. लागलीच उत्तर मिळतें: "तूं माझें ऐकतच नाहींस." वस्तुतः तिनें ऐकलें तितकें त्या घरांत कोणी कधींच ऐकलें नसेल. उलट दुसरा एखादा मुलगा मोबाइलच्या पडद्यावरील नजर न काढतां "हो, हो" म्हणतो, सांगितलेलें काम यंत्रवत् उरकतो, आणि तो आज्ञाधारक ठरतो. म्हणजे ज्यानें अवधान दिलें त्याला शिक्षा आणि ज्यानें तें चुकविलें त्याला शाबासकी. असें चार वेळां घडलें म्हणजे शहाणें मूल एकच धडा घेतें कीं, ऐकणें धोक्याचें आहे; कारण ऐकलें म्हणजे मान्य करावें लागतें. मग तें ऐकण्याचें दारच बंद करून टाकतें. लक्ष हें उसनें आहे ही भावना घरांत असती तर हा अनर्थ टळला असता. उसनें पुस्तक देणाऱ्यावर त्या पुस्तकांतील मतें स्वीकारण्याचें बंधन नसतें. तसेंच उसनें लक्ष देणाऱ्यावर संमतीचें बंधन नाहीं.

यावर कोणी विचारील कीं, सदासर्वकाळ विनंतीच करीत बसावें काय? आज्ञेनें लक्ष घेण्याचा प्रसंग कधीं येतच नाहीं काय? येतो. स्पॅनिश मनुष्य धोका दिसतांच "ओखो!" एवढेंच ओरडतो; त्याचा अर्थ "डोळा". तेथें कृपा नाहीं, विनंति नाहीं, क्रियापदसुद्धां नाहीं. अंगावर गाडी येत असतां "आपण कृपा करून मागें पाहावें" असें म्हणणारा मनुष्य सभ्य नसून मूर्ख होय. हा अधिकार कोठून आला? तो यांतून आला कीं, येथें ओरडणारा कांहींच मागत नाहीं. त्याची हांक ऐकणाऱ्याच्याच हिताची आहे. म्हणून कसोटी एवढीच: लक्ष मागतां तें कोणासाठीं? ही कसोटी फसवी होऊं शकते, याचेंहि उदाहरण स्पेनमध्येंच आहे. जुन्या काळीं माद्रिदसारख्या शहरांत गटारें नव्हतीं, तेव्हां घरांतील घाण पाणी खिडकींतून रस्त्यावर फेकीत, आणि फेकण्यापूर्वी "आग्वा बा!", म्हणजे "पाणी येतें आहे!", असें ओरडत. तिसऱ्या कार्लोस राजाच्या कारकीर्दींत, १७५९ ते १७८८ या काळांत, माद्रिदचे रस्ते व सांडपाण्याची व्यवस्था सुधारली. सावधगिरीची ती हांक वाटसरूच्या हिताची दिसते. परंतु ओरडणारा आणि घाण फेकणारा एकच होता! आपण ओरडलों कीं आपलें कर्तव्य संपलें, चुकविण्याचें काम वाटसरूचें, अशी त्याची समजूत. "तुझ्याच भल्यासाठीं सांगतों" असें म्हणून मुलाच्या डोक्यावर स्वतःच्या निराशेचें भांडें रिकामें करणारे वडील याच जातीचे.

दुसऱ्यासाठीं लक्ष मागणें हें मात्र स्वतःसाठीं मागण्यापेक्षां अधिक न्याय्य होय. २००७ च्या नोव्हेंबरांत चिली देशाची राजधानी सान्तियागो येथें स्पेन, पोर्तुगाल व लॅटिन अमेरिकेंतील देशांच्या प्रमुखांची परिषद भरली होती. स्पेनचे पंतप्रधान सापातेरो बोलत असतां व्हेनेझुएलाचे अध्यक्ष चावेस मध्येंमध्यें बोलूं लागले. तेव्हां स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांनीं चावेस यांस एकेरींत विचारलें कीं, तूं गप्प कां बसत नाहींस? हा प्रश्न तत्काळ जगभर गाजला. कोणी त्याचें कौतुक केलें; कोणास त्यांत जुन्या साम्राज्याचा दर्प दिसला. बोलणाऱ्यास बोलूं द्यावें ही मागणी आमच्या मतें योग्यच होती. परंतु "उस्तेद" सोडून "तू"वर उतरल्यानें मागणीचें रूप पालटलें. अशा शब्दांनीं फार तर शांतता मिळते. शांतता म्हणजे अवधान नव्हे. गप्प बसलेला प्रत्येक मनुष्य ऐकत असतो असें मानणारे शिक्षक आणि राजे सारखेच फसतात.

आतां लक्ष देणाऱ्याच्या बाजूनेंहि एक इशारा देणें जरूर आहे. "डॉन किहोते"च्या १६१५ मध्यें निघालेल्या दुसऱ्या भागांत माएसे पेद्रो नांवाच्या माणसाचा बाहुल्यांचा खेळ आहे. ज्यानें शेळ्यांकडे लक्ष दिलें नाहीं तोच धनी हा खेळ इतका तल्लीन होऊन पाहतो कीं, बाहुल्या खऱ्याच आहेत असें समजून तलवार उपसतो आणि त्यांचे तुकडे करतो; मागाहून त्याला नुकसानभरपाईहि करून द्यावी लागते. ओर्तेगा ई गासेत या स्पॅनिश तत्त्वचिंतकानें १९२० नंतरच्या दशकांत प्रेमावर जे निबंध लिहिले, त्यांत प्रेमांत पडणें ही मुळांत अवधानाचीच एक अवस्था असून तींत मन एकाच वस्तूवर खिळून बाकीचें जग संकोचतें, असें प्रतिपादिलें आहे. अवधान उसनें द्यावें, पण त्याचें स्वामित्व सोडूं नये. आजकालचीं यंत्रें मात्र मागत नाहींत, कारण सांगत नाहींत, आणि परतहि करीत नाहींत. न विचारतां घेतलेल्या वस्तूस उसनें म्हणत नाहींत. त्याला दुसरा शब्द आहे.

हें ऋण फेडावयाचें कसें? केवळ चांगलें बोलून तें फिटत नाहीं, असें आम्हांस वाटतें. आविला येथील साध्वी तेरेसा हिनें १५७७ मध्यें लिहिलेल्या "अंतरींचा किल्ला" या ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, आपण कोणाशीं बोलतों आणि बोलणारे आपण कोण, याचें भान नसेल तर ओठ कितीहि हलले तरी ती प्रार्थना नव्हे. परमेश्वराशीं बोलतांना जें आवश्यक तें माणसाशीं बोलतांना अनावश्यक असेल असें आम्ही मानीत नाहीं. लक्ष मागणाऱ्यानें प्रथम ज्याच्याकडे तें मागतों त्याच्याकडे लक्ष द्यावें: तो दमलेला आहे काय, त्याच्या मनांत दुसरी चिंता आहे काय, त्यालाहि कांहीं सांगावयाचें आहे काय. ज्ञानेश्वरांनीं १२९० मधील आपल्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांपाशीं अवधानच मागितलें. पण तें मागणें मोठेपणाचें नसून लडिवाळपणाचें आहे, असा खुलासाहि त्यांनीं लागलाच केला. ज्याच्यापाशीं देण्यासारखें इतकें होतें, त्यानेंहि तें आज्ञेनें घेतलें नाहीं.

स्पॅनिश भाषेंत "आतेन्तो" या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: लक्ष देणारा आणि सौजन्यशील. पत्राच्या अखेरीस सहीपूर्वी तेथील लोक "आतेन्तामेन्ते" असें लिहितात, त्यांतहि हे दोन्ही भाव एकवटले आहेत. आमचें सांगणें याहून फारसें निराळें नाहीं. उद्यां सकाळीं मुलास "लक्ष दे" म्हणण्याची वेळ येईल, तेव्हां तें जरूर म्हणावें. घर चालवावयाचें तर तें म्हणावेंच लागतें. मात्र आपण त्याच्यापाशीं कांहीं उसनें घेत आहों, याची जाणीव असूं द्यावी; आणि संध्याकाळीं तो आपली लांबण लागलेली गोष्ट सांगूं लागेल, तेव्हां हातांतलें काम बाजूस ठेवून त्याच्या शेळ्या मोजाव्या.